कव्हरच्या मागची नावं

अनोळखी बँड शोधायचा असेल तर रेकॉर्डचं कव्हर उलटं करून मागची बाजू वाचावी. पुढे बँडचं नाव आणि चित्र असतं. मागे बारीक अक्षरांत लेबलचं (म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचं) नाव, पत्ता, ध्वनिमुद्रण कुणी केलं, ऑर्गन वाजवायला कोण आलं होतं, आभार कुणाचे, हे सगळं असतं. पंक (कच्चं, वेगवान रॉक) आणि इंडी पॉप (मोठ्या कंपन्यांबाहेर, छोट्या लेबलांवर निघणारं पॉप) यांत पुढचा रस्ता या मागच्या बाजूवरूनच सापडतो. हे संगीत एकमेकांना ओळखणाऱ्या थोड्या माणसांनी घडवलं आहे. एका गावातले पाच बँड म्हणजे बरेचदा आठ-नऊ माणसंच असतात, वाद्यं आणि नावं बदलून वाजवणारी. म्हणून ‘हे गाणं त्या गाण्यासारखं वाटतं’ या धाग्याने शोध फार दूर जात नाही. माणसांच्या मागे गेलं की तो पुढे सरकत राहतो.

एक रेकॉर्ड घेऊन बघू. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनच्या ‘द क्लीन’ या बँडचं ‘टॅली हो!’ हे सिंगल (एक-दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड) १९८१ साली निघालं. क्राइस्टचर्चमध्ये रॉजर शेफर्ड यांनी नुकतंच सुरू केलेल्या फ्लाइंग नन या लेबलचं हे दुसरंच प्रकाशन. ध्वनिमुद्रणाचा खर्च पन्नास-साठ डॉलर. आवाज कच्चा, पण त्या गाण्यातली ऑर्गनची धून एकदा ऐकली की डोक्यातून जात नाही. ती वाजवली मार्टिन फिलिप्स यांनी. त्यांचा स्वतःचा बँड ‘द चिल्स’. द क्लीनमध्ये बेस वाजवणारे रॉबर्ट स्कॉट पुढे ‘द बॅट्स’मध्ये गेले आणि गाणी लिहू लागले. द क्लीनचं त्याच वर्षीचं ‘बूडल बूडल बूडल’ हे ईपी (चार-पाच गाण्यांची रेकॉर्ड) ख्रिस नॉक्स आणि डग हूड यांनी नॉक्स यांच्या चार ट्रॅकच्या टेपरेकॉर्डरवर मुद्रित केलं. नॉक्स आधी ‘द एनिमी’ आणि ‘टॉय लव्ह’मध्ये गात होते, नंतर अ‍ॅलेक बाथगेट यांच्यासोबत त्यांनी ‘टॉल ड्वार्फ्स’ काढला. म्हणजे दोन छोट्या रेकॉर्डांवरच्या नावांतून पाच बँड हाती आले, आणि पाचही ऐकण्यासारखे आहेत. लेबलच्या यादीत आणखी चार वर्षं पुढे गेलं की ‘लुक ब्लू गो पर्पल’ भेटतो. ड्युनेडिनच्याच पाच जणींचा हा बँड. १९८५ ते १९८७ या काळात त्यांची तीन ईपी निघाली, पूर्ण लांबीची मोठी रेकॉर्ड, म्हणजे एलपी, एकही नाही. गिटारच्या किणकिणाटात कीबोर्ड, मधूनच बासरी आणि तीन-चार गळ्यांचे एकमेकांत मिसळलेले सूर. ‘सारखं वाटतं’वर चालणाऱ्या शोधात त्या क्वचितच समोर येतात, कारण त्यांच्यासारखं वाजवणारं प्रसिद्ध असं कुणी नाहीच.

इतके छोटे बँड आणि इतकी छोटी लेबलं कुठून आली, ते १९७७च्या सुरुवातीला जाऊन पाहिलं की कळतं. मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ने उसने घेतलेल्या ५०० पाउंडांत ‘स्पायरल स्क्रॅच’ हे चार गाण्यांचं ईपी स्वतःच काढलं, न्यू हॉर्मोन्स या स्वतःच्या लेबलवर. पहिल्या छपाईत १,००० प्रती. कव्हरवर प्रत्येक गाण्याचा कितवा टेक (कितव्यांदा वाजवून मुद्रित केलेलं रूप) वापरला आणि वरून काही भर घातली की नाही, तेही छापलेलं होतं. त्याच वर्षी लंडनच्या ‘डेस्परेट बायसिकल्स’ने पहिलं सिंगल काढलं. रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंना तीच दोन गाणी. दुसऱ्या सिंगलच्या कव्हरवर त्यांनी पहिल्याचा एकूण खर्च जाहीर केला: १५३ पाउंड. १९७८मध्ये ‘स्क्रिटी पोलिटी’ने आणखी पुढे जाऊन स्टुडिओ, मास्टरिंग (छपाईआधीची अंतिम ध्वनिजुळणी), प्रेसिंग (रेकॉर्ड छापणं), रेकॉर्डवरच्या कागदी लेबलांची छपाई असा खर्चाचा तपशीलच कव्हरवर दिला. हिशेब असा उघड्यावर आल्यावर गावोगावच्या पोरापोरींना कळलं की हे आपल्याला परवडतं. मग पाचशे, हजार अशा प्रतींची शेकडो सिंगल्स निघाली. त्यांतल्या बहुतेक बँडांचं आयुष्य एका सिंगलचं, फार तर दोन. आज आपण ज्यांना कमी माहीत असलेले बँड म्हणतो ते प्रामुख्याने हे.

यावरून शोधण्याची पहिली सवय ठरते. या क्षेत्रात एकक एलपी नसून सिंगल आणि ईपी आहे. बँडचं सर्वोत्तम काम बरेचदा पहिल्या सात इंची सिंगलमध्येच असतं, कारण दोन वर्षं तालीम करून घासलेली दोनच गाणी त्यावर गेलेली असतात. नव्या बँडची ओळख चाळीस गाण्यांच्या समग्र संचाने करून घेऊ नये. अशा संचात डेमो (कच्चे नमुने) असतात, एकाच गाण्याची तीन रूपं असतात, अर्धवट राहिलेले प्रयोग असतात. सहाव्या-सातव्या गाण्याला कान थकतो आणि चांगला बँडही एकसुरी वाटायला लागतो. संच जरूर घ्यावा, पण त्यातली पहिल्या सिंगलची दोन गाणी वेगळी काढून तेवढीच आठवडाभर ऐकावीत.

संकलनं ही दुसरी वाट, पण ती वापरायची एक रीत आहे. १९८६ साली ब्रिटनच्या एनएमई या संगीत साप्ताहिकाने काढलेली ‘सी-८६’ ही कॅसेट सगळ्यांत प्रसिद्ध. तीत २२ बँडांचं प्रत्येकी एक गाणं होतं. इंडी पॉपच्या एका अख्ख्या धाटणीला पुढे हेच नाव पडलं, पण प्रत्यक्षात त्या कॅसेटमध्ये किणकिणणाऱ्या गिटारींइतकेच खडबडीत, वेडेवाकडे बँडही आहेत. ‘बिग फ्लेम’, ‘स्टम्प’ आणि ‘बॉगशेड’ ऐकले की हे लगेच कळतं. बावीसही बँडांच्या मागे लागू नये. तीन निवडावेत आणि त्यांचा माग दोन्ही दिशांना काढावा. ‘मॅकार्थी’चंच बघा. वरवर गोड, खळाळत्या गिटारींचा हा बँड, आणि माल्कम ईडन यांचे शब्द मात्र कडक डाव्या राजकारणाचे. त्यातले गिटारवादक टिम गेन आणि शेवटच्या काळात त्यांच्यासोबत गायलेल्या लेटिशिया सॅडिए यांनी पुढे ‘स्टीरिओलॅब’ स्थापन केला. स्टीरिओलॅब आवडणाऱ्या कितीतरी जणांनी मॅकार्थी ऐकलेला नसतो, आणि तिथे एक उत्तम शिफारस तयारच असते.

त्या कॅसेटचं पहिलं गाणं ‘प्रायमल स्क्रीम’चं ‘व्हेलॉसिटी गर्ल’, जेमतेम दीड मिनिटाचं. त्यावरून वॉशिंग्टन डी.सी. परिसरातल्या एका अमेरिकन बँडने आपलं नाव घेतलं. त्या व्हेलॉसिटी गर्लमधली काही माणसं ‘ब्लॅक टॅम्बोरीन’ या आणखी छोट्या बँडमध्येही होती. ब्लॅक टॅम्बोरीनने सारी मिळून मूठभर गाणी केली. गिटारींच्या गोंगाटाची भिंत आणि तिच्या मागून येणारा पॅम बेरी यांचा थंड, स्वच्छ आवाज हे मिश्रण मात्र पुढच्या वीस वर्षांत असंख्य बँडांनी उचललं. बेरी यांनीच १९९२मध्ये गेल ओहारा यांच्यासोबत ‘चिकफॅक्टर’ हे नियतकालिक सुरू केलं. ब्लॅक टॅम्बोरीनच्या माइक शुलमन यांचं स्लंबरलँड हे १९८९पासूनचं लेबल अजून चालू आहे, आणि ‘द अंब्रेलाज’, ‘चाइम स्कूल’, ‘द रेड्स, पिंक्स अँड पर्पल्स’ हे आजचे सॅन फ्रान्सिस्कोचे बँड तिथेच सापडतात. १९८६च्या एका गाण्यापासून आज वाजवणाऱ्या बँडांपर्यंत येताना मध्ये एकही कडी गाळावी लागली नाही.

पंकच्या कडेला असलेल्या घरगुती सिंगल्ससाठी चक वॉर्नर यांची ‘मेस्थेटिक्स’ ही संकलनमाला अमोल आहे. ब्रिटनच्या १९७७ ते १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या विस्मृत रेकॉर्डांची ही माला बरीचशी प्रदेशवार रचलेली आहे: लंडन, मँचेस्टर, स्कॉटलंड, साउथ वेल्स. प्रदेशवार मांडणीचा फायदा असा की एका शहरात कोणता स्टुडिओ आणि कोणतं दुकान मध्यवर्ती होतं ते दिसू लागतं. त्या स्टुडिओचं नाव मिळालं की तिथे मुद्रित झालेलं बाकीचं शोधता येतं.

काही लेबलं तर क्रमांकानेच ऐकावीत. ब्रिस्टलच्या क्लेअर वॉड आणि मॅट हेन्स यांनी १९८७मध्ये ‘सी अर्चिन्स’च्या सिंगलने सेरा रेकॉर्ड्स सुरू केलं आणि १९९५मध्ये बरोबर शंभराव्या प्रकाशनावर स्वतःहून बंद केलं. मधल्या क्रमांकांत रेकॉर्डांबरोबर छोटी नियतकालिकं आहेत आणि पन्नासावा क्रमांक तर चक्क पटावरचा खेळ आहे. ‘द फील्ड माइस’पासून बहुतेक जण सुरुवात करतात, तसं केलं तरी चालेल. पण माझं मत विचाराल तर ‘द ऑर्किड्स’ आणि ‘ब्लूबॉय’ जास्त टिकतात, आणि ऑस्ट्रेलियाचा ‘ईव्हन अ‍ॅज वी स्पीक’ हा त्या यादीतला सगळ्यांत दुर्लक्षित आनंद आहे. सेराला हळवं, दुबळं म्हणून त्या काळी हिणवलं गेलं. वास्तविक या लेबलची भूमिका सरळ पंकची होती: छोटी सिंगल्स स्वस्तात विकायची, त्यातलीच गाणी पुन्हा एलपीवर देऊन लोकांना दोनदा खर्चात पाडायचं नाही, आणि ठरवलं तेव्हा थांबायचं. पंक आणि इंडी पॉप वेगळ्या कप्प्यांत ठेवणाऱ्याच्या हातून हे सुटतं.

माणसांच्या मागे जाण्याचं सर्वांत समाधानकारक उदाहरण अमेलिया फ्लेचर यांचं. ऑक्सफर्डचा ‘तलुला गॉश’ १९८६ ते १९८८ एवढाच टिकला: झपाट्याची, धडपडती, गोड गाणी. त्याच बँडमध्ये सुरुवातीला असलेल्या एलिझाबेथ प्राइस यांना पुढे २०१२ साली दृश्यकलेसाठी टर्नर पारितोषिक मिळालं. फ्लेचर यांचे नंतरचे बँड क्रमाने ‘हेवनली’, ‘मरीन रिसर्च’, ‘टेंडर ट्रॅप’ आणि ‘द कॅटेनरी वायर्स’. ‘द वेडिंग प्रेझेंट’च्या सुरुवातीच्या रेकॉर्डांवर मागे ऐकू येणारा त्यांचाच आवाज. हेवनलीच्या १९९२च्या एलपीवर एका गाण्यात वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिम्पिया शहराच्या ‘बीट हॅपनिंग’चे कॅल्विन जॉन्सन गातात, आणि त्यांच्या के रेकॉर्ड्सनेच हेवनली अमेरिकेत आणला. तिथून पुढे सॅक्रामेंटोचा ‘टायगर ट्रॅप’ आहे, आणि १९८५मध्ये के रेकॉर्ड्सने कॅसेटवर अमेरिकेत पोचवलेला ओसाकाच्या तिघींचा ‘शोनेन नाइफ’ही. फ्लेचर आणि रॉब पर्सी आता स्केप वॅक्स हे लेबल चालवतात. तिथे जुन्यांची पुनर्प्रकाशनंही आहेत आणि नवे बँडही.

आता प्रत्यक्ष कृती. डिस्कॉग्स या रेकॉर्डांच्या सूचीत आवडलेल्या सिंगलचं पान उघडावं. बँडच्या नावावर लगेच टिचकी मारू नये. आधी श्रेयनामावलीत ध्वनिमुद्रक आणि निर्मात्याची नावं बघावीत, मग पाहुणे वादक, मग स्टुडिओ. प्रत्येक नावाचं स्वतंत्र पान असतं. ते सालानुसार लावून आपल्या सिंगलच्या आधीची दोन आणि नंतरची दोन वर्षं एवढीच खिडकी तपासावी. त्यापलीकडे गेलं की तोच ध्वनिमुद्रक वेगळ्याच प्रकारच्या कामात असतो आणि धागा सैल होतो. मग लेबलच्या पानावर क्रमांकानुसार यादी लावून पहिली दहा प्रकाशनं बघावीत. छोट्या लेबलाचा स्वभाव पहिल्या दहांत ठरलेला असतो.

इथे चुका कुठे होतात तेही सांगायला हवं. पहिली, नावांचा घोळ. हेवनली नावाचा फ्रान्सचा एक मेटल बँड आहे. स्ट्रीमिंगच्या पानांवर असे नामसाधर्म्य असलेले बँड एकमेकांत मिसळतात, आणि ऑक्सफर्डच्या नाजूक सुरावटींनंतर अचानक दुहेरी बेस ड्रम सुरू होतो. ‘डेथ’चंही तसंच: डेट्रॉइटच्या तीन हॅकनी भावांचा पंक बँड वेगळा आणि फ्लोरिडाचा मेटल बँड वेगळा. उपाय एकच, बँडच्या नावाबरोबर गाव आणि साल नेहमी जोडून लिहायचं. दुसरी चूक नाव बदललेल्यांची. झुरिकच्या ‘क्लीनेक्स’ला त्याच नावाचे कागदी रुमाल बनवणाऱ्या कंपनीच्या कायदेशीर दबावामुळे नाव बदलून ‘लिलिपुट’ व्हावं लागलं. एकाच नावाने शोधलं तर अर्धा बँड हातचा जातो. तिसरी चूक पुनर्प्रकाशनाच्या सालाची. स्ट्रीमिंगवर १९८०चं गाणं २०१४चं म्हणून दिसतं, आणि मग कुणी कुणाचं उचललं याचा हिशेब उलटा होतो.

चौथी चूक वेगाची, आणि ती सर्वांत फसवी. हौशी लोकांनी चढवलेल्या जुन्या सिंगल्सपैकी काही चुकीच्या वेगाने वाजवून मुद्रित केलेली असतात. मिनिटाला ४५ फेऱ्यांचं सिंगल ३३ १/३ फेऱ्यांवर वाजवलं तर दोन मिनिटांचं गाणं दोन मिनिटं बेचाळीस सेकंदांचं होतं आणि सूर पाच अर्धस्वरांहून थोडा जास्त खाली जातो. पंकच्या संथ झालेल्या गाण्याला ‘काय गूढ वातावरण आहे’ असं म्हणणारे भेटतात. गायिकेचा आवाज पुरुषी वाटला किंवा झांजेचा नाद लांबत राहिला, तर रेकॉर्डवरच्या लेबलवर छापलेला कालावधी पडताळून पाहावा. कॅसेटवरून उतरवलेल्या गाण्यांत वेगळा दोष असतो. टेपरेकॉर्डरच्या हेडचा (टेप वाचणाऱ्या भागाचा) कोन जुळलेला नसेल तर वरचे सूर बुजतात आणि सगळं पांघरुणाखालून आल्यासारखं वाटतं. तो दोष बँडच्या माथी मारू नये. त्याच गाण्याची दुसरी प्रत शोधावी.

बँड आणि लेबलं थेट संगीत विकतात त्या बँडकॅम्प या संकेतस्थळावर रीत थोडी निराळी. तिथे प्रत्येक प्रकाशनाखाली ते विकत घेतलेल्या श्रोत्यांची छोटी चित्रं असतात आणि बहुतेकांचा संग्रह उघडा असतो. ज्याच्या संग्रहात आपल्या आवडीची तीन तरी कमी प्रसिद्ध नावं एकत्र दिसतील, त्याचा संग्रह तासभर चाळावा. एकच नाव जुळणं हा योगायोग असू शकतो, तीन जुळली तर त्या माणसाचा कान भरवशाचा. शिवाय प्रकाराचा शब्द आणि शहराचं नाव अशी जोडी लावून शोधावं. नुसतं ‘इंडी पॉप’ टाकलं तर समुद्र येतो. शहर जोडलं की पंधरा-वीस बँड उरतात, आणि त्यांतले निम्मे एकमेकांच्या रेकॉर्डवर वाजवत असतात.

स्ट्रीमिंगच्या आपोआप शिफारशींवर मी फार विसंबत नाही, आणि कारण तांत्रिक आहे. त्या यंत्रणा मुख्यतः एकाच माणसाने काय काय ऐकलं यावर चालतात. ज्याला मुळात शंभर जणच ऐकतात, त्याच्याविषयी जोड्या लावायला पुरेशी माहितीच नसते. म्हणून प्रत्येक वाट चार उड्यांत परत त्याच दहा-पंधरा परिचित नावांवर येऊन थांबते. नभोवाणीवर माणूस बसलेला असला की हे होत नाही. जॉन पील यांनी १९६७पासून २००४मध्ये मृत्यू येईपर्यंत बीबीसीवर हेच काम केलं. १९७८मध्ये बेलफास्टच्या गुड व्हायब्रेशन्स या छोट्या लेबलवरचं ‘अंडरटोन्स’चं पहिलं ईपी हातात आल्यावर त्यातलं एक गाणं त्यांनी लागोपाठ दोनदा लावलं. त्यांच्या कार्यक्रमासाठी बँड एका दिवसात साधारण चार गाणी मुद्रित करून देत. ही ‘पील सेशन्स’ अनोळखी बँडसाठी उत्तम प्रवेशद्वार आहेत. चांगला स्टुडिओ आणि सराईत ध्वनिमुद्रक असल्याने रेकॉर्डवर जे चिखलात रुतलेलं वाटतं ते तिथे स्पष्ट ऐकू येतं. माझा नियम असा की सिंगल आवडलं पण खात्री पटली नाही, तर सेशन ऐकायचं.

कच्चं ध्वनिमुद्रण ऐकायलाही थोडा सराव लागतो. पहिल्या ऐकण्यात फक्त बेस ऐकावा. या संगीतात बरेचदा मुख्य धून बेसवर असते. कार्डिफच्या ‘यंग मार्बल जायंट्स’ची १९८०ची ‘कलोसल यूथ’ ही एलपी तर त्यावरच उभी आहे: फिलिप मॉक्सम यांचा बेस गातो, स्टुअर्ट मॉक्सम यांची गिटार तारा दाबून खुडल्यासारखी वाजते, मागे यंत्राचा टिकटिक ताल, आणि अ‍ॅलिसन स्टॅटन कुणाशी तरी हळू बोलावं तशा गातात. लीड्सच्या ‘डेल्टा ५’मध्ये तर दोन बेस होते. दुसऱ्या ऐकण्यात आवाज आणि शब्द. तिसऱ्यात ड्रम. तिसऱ्यांदाही काही पकड आली नाही तर खुशाल सोडून द्यावं. आणि एक, बारक्या मोबाइलच्या स्पीकरवर यंग मार्बल जायंट्स ऐकू नये. बेसच ऐकू आला नाही तर तिथे जवळपास काहीच उरत नाही.

दुर्मिळता आणि दर्जा यांची गल्लत हा या छंदाचा खरा रोग आहे. डेट्रॉइटच्या डेथने १९७६मध्ये आपल्या सिंगलच्या ५०० प्रती काढल्या. त्यामागची गाणी एलपीच्या रूपात २००९मध्ये ड्रॅग सिटी या लेबलने काढली तेव्हा लोक चकित झाले, आणि ते रास्तच होतं. पण म्हणून ५०० प्रतींचं प्रत्येक सिंगल हिरा नसतं. बरीचशी सिंगल्स कमी खपली कारण ती मध्यम होती. ‘फक्त दोनशे प्रती’ हे शिफारशीचं कारण होऊ शकत नाही. विकत घेताना तर आणखी सांभाळावं. जुन्या रेकॉर्डांच्या प्रतवारीत ‘व्हीजी’ म्हणजे ‘फार चांगली’ असं लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात सतत चरचर ऐकू येते. सात इंचांवर शांत, कमी वाद्यांचं गाणं असेल तर ‘व्हीजी प्लस’च्या खाली जाऊ नये. गोंगाटी पंकला ‘व्हीजी’ चालून जातं. महागड्या मूळ प्रतीसाठी शेवटच्या रिकाम्या खोबणीत कोरलेली अक्षरं सूचीतल्या नोंदीशी ताडून बघावीत, कारण कव्हर आणि लेबलची नक्कल सोपी असते, ती कोरीव अक्षरं तंतोतंत उतरवणं अवघड.

आणि मग शिफारस. शोधण्यापेक्षा हे काम कठीण आहे, आणि त्याकडे फार कमी लक्ष दिलं जातं. ‘निर्व्हाना’ या बँडचे गायक कर्ट कोबेन यांची हाताने लिहिलेली पन्नास आवडत्या रेकॉर्डांची यादी त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. तीत यंग मार्बल जायंट्स, ‘मरीन गर्ल्स’, ‘द रेनकोट्स’, ‘वायपर्स’, शोनेन नाइफ आहेत. पण त्या यादीइतकाच परिणाम त्यांच्या कृतींचा झाला. स्कॉटलंडच्या ‘व्हॅसलीन्स’ची तीन गाणी ‘निर्व्हाना’ने स्वतः वाजवली. रेनकोट्सच्या पहिल्या एलपीच्या १९९३च्या पुनर्प्रकाशनासाठी कोबेन यांनी टिपण लिहिलं. नुसतं नाव घेण्यात आणि असं हाताला धरून दारापर्यंत नेण्यात मोठं अंतर आहे.

समोरच्याला कोणता बँड आवडतो, हा प्रश्न अपुरा पडतो. त्यातलं काय आवडतं ते विचारावं. वेग आणि चाल आवडत असेल तर केंब्रिजच्या तिघींचा ‘डॉली मिक्स्चर’ किंवा लीड्सचा ‘गर्ल्स अ‍ॅट अवर बेस्ट!’. मोकळी जागा आवडत असेल तर यंग मार्बल जायंट्स, आणि त्यानंतर मरीन गर्ल्स. गोंगाटात लपलेली चाल हवी असेल तर एडिनबरोचा ‘शॉप असिस्टंट्स’, मग ब्लॅक टॅम्बोरीन. धारदार राजकारण आणि तरीही गुणगुणता येईल असं काही हवं असेल तर मॅकार्थी. क्रमही महत्त्वाचा. ब्लॅक टॅम्बोरीन आधी दिला तर बरेच जण गोंगाटावरच अडतात. शॉप असिस्टंट्सनंतर दिला तर तोच गोंगाट सुखावतो.

एका वेळी एकच बँड द्यावा, आणि त्याची दोन गाणी. एक लगेच धरणारं, दुसरं त्या बँडचा खरा स्वभाव दाखवणारं. कोणतं रूप तेही नेमकं सांगावं: सिंगलचं, एलपीचं की सेशनचं. ‘द क्लीन ऐक’ या सांगण्याने समोरचा माणूस नंतरच्या एखाद्या एलपीवर जाऊन हिरमुसतो. ‘बूडल बूडल बूडल, १९८१, पाच गाणी, क्रमाने’ असं सांगितलं तर वीसेक मिनिटांत त्याचा निकाल लागतो. आवाज कच्चा असेल तर आधीच सांगावं, नाहीतर फाइल बिघडली आहे असं समजून तो बंद करतो. मोठ्या बँडशी तुलना टाळावी. ‘अमक्यासारखाच, पण अधिक चांगला’ म्हटलं की ऐकणारा अमक्यालाच शोधत राहतो. त्यापेक्षा गाण्यातलं एक ठिकाण दाखवावं, जसं की ‘टॅली हो!’मधला ऑर्गन. कान तिथे थांबतो आणि बाकीचं आपोआप ऐकलं जातं.

दहा-बारा गाण्यांची यादी करून द्यायची असेल तर दोन गोष्टी सांभाळाव्यात. लागोपाठ दोन अगदी कच्ची मुद्रणं ठेवू नयेत, तिसऱ्याला कान मिटतो. आणि आवाजाची पातळी जुळवावी. १९८०च्या घरगुती सिंगलशेजारी आजचं दाबून मोठं केलेलं गाणं ठेवलं तर जुनं बिचारं दुबळं वाटतं. स्ट्रीमिंग सेवांत पातळी समान करण्याची सोय असते, ती चालू आहे ना ते बघावं. फाइली स्वतः जुळवत असाल तर मोठं गाणं खाली आणावं, लहान वर नेऊ नये. वर नेलं की टेपची सळसळही वर येते.

शिफारशीबरोबर विकत घेण्याची जागाही द्यावी. स्पॉटिफायवर २०२४पासून बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न वाजलेल्या गाण्याला काहीच मानधन मिळत नाही, आणि आपण ज्यांच्याविषयी बोलतो आहोत त्यांची बहुतेक गाणी या रेषेखालीच आहेत. बँडकॅम्प डिजिटल विक्रीतून पंधरा टक्के आणि वस्तूंच्या विक्रीतून दहा टक्के घेतं. पैसे हस्तांतराचा खर्च वजा जाता उरलेलं बँडला किंवा लेबलला जातं. चार गाण्यांच्या एका ईपीच्या विक्रीतून छोट्या बँडला जे मिळतं ते हजारो वेळा ऐकण्यातून मिळणार नाही. जुना बँड असेल तर मूळ सिंगल चढ्या भावाने घेण्यापेक्षा अधिकृत पुनर्प्रकाशन घ्यावं. जुन्या प्रतीचे पैसे विक्रेत्याला जातात, पुनर्प्रकाशनाचे वाजवणाऱ्यांपर्यंत पोचण्याची शक्यता तरी असते.

आज वाजवणाऱ्या बँडांच्या बाबतीत आणखी एक वाट आहे आणि ती सर्वांत कमी वापरली जाते. रेकॉर्ड घेतल्यावर त्यांना दोन ओळी लिहाव्यात: कोणतं गाणं आवडलं, का आवडलं, आणि सध्या तुम्ही कुणाला ऐकता. छोटे बँड अशा पत्रांना बहुधा उत्तर देतात. उत्तरात तीन-चार नावं येतात आणि त्यांतलं एखादं कोणत्याच सूचीत अजून नोंदलेलं नसतं. मग ती नोंद आपणच करावी: गाव, साल, कोण काय वाजवतं, मुद्रण कुणी केलं, आभार कुणाचे.